दोन ठोक्यांचं उत्तर

बॉयलरच्या कारखान्यात आम्ही दोघं भाऊ जोडीने काम करायचो. दादा बाहेरचा आणि मी आतला. बॉयलर म्हणजे जाड पत्र्याचं मोठं पिंप. पत्र्याला पत्रा जोडायचा तर लाल तापलेला रिवेट, म्हणजे जाड खिळा, भोकात घालायचा, आतल्याने त्याच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि बाहेरच्याने घणाने दुसरं टोक चेपायचं. मी अंगाने काडी होतो. पिंपाच्या तोंडातून सहज सरकायचो, म्हणून मी आतला. सगळे मला बारक्या म्हणत. आता माझं पोट सुटलं आहे, तरी जुना कोणी भेटला की मी बारक्याच.

आत काळोख असायचा. तोंडाच्या भोकातून येईल तेवढाच उजेड. बोललेलं काही ऐकू जात नसे, म्हणून ठोक्यांवर काम चालायचं. घण घालण्याआधी दादा पत्र्यावर दोन ठोके द्यायचा. म्हणजे, आहेस का? मी ठोकळ्याने एक ठोका द्यायचा. म्हणजे, आहे. मग घण सुरू. तीन ठोके म्हणजे काम झालं, बाहेर ये. तीनला उत्तर नसतं, यायचंच असतं. आणि दोनला उत्तर आलं नाही, तर बाहेरच्याने घण खाली ठेवून स्वतः आत शिरायचं, कारण आतला घुसमटून पडला असेल. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिला असता तरी आम्हाला कुठे वाचता येत होतं!

घण बाहेर पडायचा आणि आवाज माझ्या डोक्यात राहायचा. उजव्या कानात लहानपणीच पू होऊन तो गेलेला होता. डावा कारखान्याने हळूहळू खाल्ला. आधी बारीक आवाज गेले, चिमण्या, बांगड्या, भांड्यात पडणारं पाणी. मग बायकांचे आणि पोरांचे आवाज गेले. जड आवाज तेवढे राहिले. दार आपटलेलं कळायचं, ते कोणी आपटलं आणि जाताना काय बोललं ते कळायचं नाही.

माणसांचे ओठ वाचायला मी आपोआप शिकलो. त्यातही बायकोचे ओठ मला सगळ्यांत सोपे. ती वळचणीखाली उभी राहून शेजारणीशी भांडत असली तरी मला गल्लीच्या टोकावरून सगळं भांडण कळायचं. "तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय नाही," ती म्हणायची. अक्षरं मी केस पिकल्यावर शिकलो, संध्याकाळच्या वर्गात. कानातून जे येत नाही ते डोळ्यांतून घ्यावं म्हणून. बायकोलाही नेलं होतं. ती दोन दिवस आली आणि बसली घरी. म्हणाली, "मला ऐकू येतं. मला काय करायचीत अक्षरं?"

दादा छातीच्या दुखण्याने गेला, स्वतःच्या अंथरुणात, सगळ्यांशी बोलून. त्यात कोणाचा काही दोष नव्हता. तो गेल्यानंतर एकदा दुपारी जेवून मी खाटेवर पडलो होतो. आमची लोखंडी खाट. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही कामाला लागायचो तीच ही वेळ. आणि डाव्या कानात दोन ठोके पडले.

मी उठून बसलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. पण हात नेहमीच्या सवयीने गेला आणि बोटाच्या पेराने मी खाटेच्या दांड्यावर एक ठोका दिला. सगळं शांत झालं. मी पुन्हा पडलो आणि मला गाढ झोप लागली.

त्यानंतर रोज. दोन पडायचे, मी एक द्यायचो. मला भीती वाटत नव्हती. उलट, दिवसभरात मला एवढंच काय ते स्वच्छ ऐकू यायचं.

एकदा मात्र मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. बघू तरी काय होतं म्हणून हात पोटावर ठेवून पडून राहिलो. दोन पडले. थोड्या वेळाने पुन्हा दोन. मग ठोके थांबले आणि खोलीत तापलेल्या लोखंडाचा वास आला. दार उघडं होतं, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि दारातला उजेड कडेकडेने कमी व्हायला लागला. पिंपात हे मी पाहिलं होतं. बाहेरचा आत शिरायला लागला की त्याचे खांदे भोकात अडायचे आणि उजेड असाच कडेने मावळायचा. दारात कोणी नव्हतं. मी धडपडून दांड्यावर ठोका दिला. उजेड परत आला. त्यानंतर मी कधी गंमत केली नाही.

हे सगळं आमच्या कानांच्या मॅडमना मी एकदाच सांगितलं, तेही वास आणि उजेड वगळून. त्या माझ्या कानाचं यंत्र वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. तरुण होत्या तेव्हापासून त्या माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलायच्या.

"असं होतं, काका," त्या म्हणाल्या. "बाहेरून आवाज कमी आला की मेंदू स्वतःच तयार करतो. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला भुंगा."

"मला भाऊ ऐकू येतो."

"मग बरंय की. भुंग्यापेक्षा भाऊ बरा."

कानाचं यंत्र म्हणजे कानामागे अडकवायचं ते. ते आवाज मोठा करायचं. पण मोठा केलेला आवाज म्हणजे स्वच्छ आवाज नव्हे. कोणी बोललं की मला भिंतीपलीकडे गाडं सरकवल्यासारखं काहीतरी जोरात ऐकू यायचं. ते आणि समोरचे ओठ, दोन्ही जुळवून मी बोलणं ओळखायचो. यंत्र नीट बसलं नाही की शिट्टी मारायचं. मला ती ऐकू येत नसे, घरातल्या सगळ्यांना यायची. सूनबाई शिवण टाकून पळत यायची. "बाबा, यंत्र बसवा नीट! मला वाटलं कुकरची शिट्टी झाली." ती घरीच शिवणकाम करते. माझा मुलगा दूरच्या गावी नोकरीला, तेव्हा घरात आम्ही तिघंच.

असं चाललं होतं तोवर बायकोला अर्धांगाचा झटका आला.

ती वाचली. एक हात आणि एक पाय लुळा पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलणं थोडं जड झालं, पण शब्द शाबूत होते, असं सूनबाई म्हणाली. सूनबाईला तिचं सगळं बोलणं कळायचं. मला काहीच कळेना. ते ओठ मी उभा जन्म वाचले होते, आणि आता ते कोणी दुसऱ्याच अक्षरात लिहावं तसे झाले होते. एक कोपरा हलायचा, दुसरा लोंबायचा. ती बोलायची, मी नुसता बघायचो. तिला वाटायचं मी लक्ष देत नाही. एकदा रागाने तिने चांगल्या हाताने पेला फेकला. तो मात्र ऐकू आला.

सूनबाईने फोन आणून धरला. आता म्हणे बोललेलं आपोआप लिहून येतं. पण त्या जड जिभेपुढे फोनने हात टेकले. तो भलतंच लिहायचा. एकदा त्याने लिहिलं, 'उद्या गाडी विका'. आमच्याकडे गाडीच नाही. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. बायकोचं हसूही अर्धंच होतं, पण ते मला वाचता आलं.

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ती आता त्याच लोखंडी खाटेवर झोपायची आणि मी शेजारी खुर्चीत बसायचो. दुपारी दोन ठोके पडायचे, मी हात लांबवून दांड्यावर एक द्यायचो, आणि त्यानंतर दरवेळी बायको माझ्याकडे वळून काहीतरी बोलायची. रोज तेच. ओठ वाचता येत नसले तरी तोच आकार पुन्हा आला की कळतं. लहानसं बोलणं होतं, आणि बोलताना ती माझा शर्ट धरायची.

"काय म्हणते गं ती?" मी सूनबाईला विचारलं.

सूनबाईने तिला विचारलं आणि माझ्याकडे तोंड केलं. "सांगत नाहीत. म्हणतात, त्यांचं त्यांनाच सांगायचंय."

"अगं, मला ऐकू येत नाही म्हणून तर..."

"मी म्हटलं तसं. तर म्हणतात, पोरीला सांगण्यासारखं नाहीये."

नवरा-बायकोत असं असतं की जे तिसऱ्याच्या तोंडून ऐकलं ते ऐकलंच नाही. पण त्या एका बोलण्याने माझी झोप गेली. तिचं काय राहिलं असेल? काय दुखत असेल? पुन्हा झटका आला आणि ते सांगायचं राहूनच गेलं तर?

मी मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, "याच्याहून मोठं यंत्र द्या."

त्यांनी मान हलवली. "मोठं दिलं तर गोंगाट मोठा होईल, काका. तुमच्या कानाच्या आत जे बारीक केस असतात ना, आवाज पकडणारे, ते झिजून गेलेत. यंत्र कितीही ओरडलं तरी पकडणारं कोणी नाही." मग त्यांनी खणातून एक वस्तू काढून दाखवली. एक चपटी चकती आणि तिला केसासारखी तार. "हे वेगळं. हे आवाज मोठा करत नाही. ही तार ऑपरेशन करून कानाच्या आतल्या शंखात सरकवतात. चकती कातडीखाली बसते. बाहेरून डोक्याला लोहचुंबकाने एक तुकडा चिकटतो, तो आवाज घेतो आणि ही तार तो विजेच्या रूपात थेट नसेला देते. झिजलेल्या केसांना वगळून."

"म्हणजे बायको काय बोलते ते कळेल?"

"लगेच नाही. सुरुवातीला पत्र्याच्या डब्यात किडे वाजल्यासारखं वाटेल. मेंदूला नव्याने शिकावं लागतं. काही महिने. पण तुम्ही म्हातारपणी अक्षरं शिकलात, हेही शिकाल."

"कानातलं यंत्र रात्री काढून ठेवतो. हे काढता येतं?"

"बाहेरचा तुकडा काढता येतो. आतलं कायमचं." त्यांनी चकती परत खणात ठेवली. "आणि एक. उजव्या कानाच्या शंखात जुन्या दुखण्याने हाड भरलंय, तिथे तार शिरणार नाही. डाव्यालाच करावं लागेल. तार आत गेली की त्या कानाचं जे थोडंफार स्वतःचं ऐकणं उरलंय, ते जाईल असंच धरून चाला. यंत्र उतरवलं की काहीही नाही. दार आपटलेलंसुद्धा नाही."

"आणि ते ठोके?"

"बऱ्याच जणांचे ते आवाज या ऑपरेशननंतर कमी होतात," मॅडम हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं त्या मला चांगली बातमी देत आहेत.

घरी येऊन मी सूनबाईला सांगितलं, तिने बायकोला. बायकोने चांगल्या हाताने खाट बडवली.

"नको म्हणतात ऑपरेशन," सूनबाई म्हणाली.

"का?"

"ते सांगत नाहीत. तुमचं तुम्हाला माहीत, म्हणतात."

ती सुरीला घाबरते, असं मी धरलं. मलाही भीती होती, पण सुरीची नव्हती. दादाला काय सांगायचं याची होती. मी दुपारी खुर्चीत बसून विचार करायचो. ठोक्यांत बोलायला आमच्याकडे होतं किती? आहेस का, आहे, बाहेर ये. 'उद्यापासून मला ऐकू येणार नाही, वाट बघू नकोस' याला ठोका नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी दोन पडले. मी एक दिला आणि हात दांड्यावर तसाच ठेवून तोंडाने म्हणालो, "दादा, हा कान मी तिला देतोय." मेलेल्या माणसाला तरी कळत असेल, असं मला वाटलं. बायको माझा शर्ट धरून तेच ते बोलत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऑपरेशन झालं. जखम भरेपर्यंत यंत्र चालू करत नाहीत. तेवढे दिवस मी संपूर्ण बहिरा होतो. तसा बहिरेपणा मला ठाऊक नव्हता. पिंपात आवाज बंद झाल्यावरही डोक्यात काहीतरी घुमत राहायचं. हे पिंप कोणी पुरून टाकल्यासारखं होतं.

चालू केलं त्या दिवशी मॅडम बोलल्या आणि मला टिक-टिक, किर्र-किर्र असं ऐकू आलं. सूनबाई बोलली, तेही तसंच. मी म्हणालो, "दोघींचा आवाज एकच आहे. कढईत मोहरी." घरी सूनबाई शिवण बाजूला ठेवून रोज दुपारी पलीकडच्या खोलीत मला शिकवायला बसायची. तोंडापुढे कापड धरून बोलायची, म्हणजे मी ओठ चोरून वाचू नयेत.

"बाबा, सांगा. कात्री."

"खात्री?"

"कात्री, कात्री! खात्री कुठली, तुमच्या कानाची?"

हळूहळू किर्र-किर्र मागे सरली आणि शब्द पुढे आले. चमचा पडला तर चमचा ऐकू आला. चिमण्या ऐकू आल्या, आणि मी मूर्खासारखा खिडकीत उभा राहिलो. सूनबाई शिवताना गुणगुणते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. फक्त बायको या दिवसांत गप्प होती. माझ्यासमोर ती तोंडच उघडायची नाही. दुपारी खाटेवर पडून दाराकडे बघत राहायची. आणि माझ्या कानात दुपारी काही पडत नव्हतं. दादा गेला, आता खरा गेला, असं मी मनाशी म्हणालो.

मग एके दुपारी मी खुर्चीत बसलो होतो. सूनबाई कपडे पोचवायला बाहेर गेली होती. दार उघडं, बाहेर लख्ख ऊन. आणि मला वास आला. तापलेल्या लोखंडाचा.

दारातला उजेड कडेकडेने कमी व्हायला लागला.

मी उठायच्या आत माझं लक्ष खाटेकडे गेलं. बायकोचा लुळा हात अंथरुणावर होता. इतके महिने मेलेल्या मांजरासारखा पडून असलेला हात. तो वर उठला. बोटाचं पेर दांड्यावर आपटलं. एकदा. तो आवाज मी नव्या कानाने ऐकला, बारीक आणि स्पष्ट. उजेड परत आला आणि हात खाली पडला.

"अगं," मी म्हणालो, "हे काय केलंस?"

ती माझ्याकडे वळली आणि बोलली. जिभेला जडपणा होता, शब्द एकमेकांवर घसरत होते, पण मला शब्द कळले. तिचा आवाज मला ती नवी नवरी होती त्यानंतर पहिल्यांदा असा ऐकू आला.

"मी नाही केलं. हा हात करतो. मी सांगितलं तर ऐकत नाही, त्यांनी ठोकलं की उठतो."

"कोणी?"

"थोरल्या भावजींनी. आणखी कोण? दोन ठोके पडले आत्ता. तुम्हाला आता ऐकू येत नाहीत ना?"

मी खुर्ची खाटेजवळ ओढली. ती बोलत राहिली, थांबत, श्वास घेत.

"मला तो झटका आला तेव्हापासून मलाही ऐकू येतात. अर्धं अंग गेलं, त्याच बाजूच्या कानात येतात. रोज तुम्हाला तेच तर सांगत होते. मलाही ऐकू येतात, तुम्ही उत्तर चुकवू नका. म्हणून नको म्हटलं ना ऑपरेशन."

"मग सूनबाईजवळ का नाही सांगितलंस?"

"काय सांगू तिला? आईंचं अंग गेलं होतं, आता डोकंही गेलं म्हणाली असती. आणि घाबरली असती पोर." तिने दाराकडे पाहिलं. "तुमचं ऑपरेशन झालं त्या दिवशी दोन पडले. पुन्हा दोन पडले. तुम्ही दवाखान्यात. खोलीत अंधार यायला लागला. तेव्हा हा हात पहिल्यांदा उठला."

जे बोलणं ऐकायला मी कान दिला, ते बोलणं हे होतं.

त्यानंतर आम्ही तोड काढली. दुपारी मी खाटेच्या कडेला बसायचो, तिचा लुळा हात माझ्या हातात घट्ट धरून. दोन पडले की ती म्हणायची, "पडले." मग मी दांड्यावर ठोका द्यायचो. माझ्या मुठीत तिचा हात उठायला धडपडायचा, तो मी दाबून धरायचो. दादाला मी तिच्या कानाने ऐकायचो आणि तिला मी यंत्राने ऐकायचो. मधल्या वेळात आम्ही खूप बोललो. इतक्या वर्षांचं. ती म्हणाली, "बहिरे होतात तेच बरं होतं, आता उलट उत्तरं देता."

परवा दुपारी ती "पडले" म्हणाली नाही. मी वाट बघत होतो. ती दाराकडे बघत होती.

"काय गं?"

"आज तीन पडले."

मी तिचा हात धरून होतो. तो उठायला धडपडला नाही. थंड पडून होता.

"तीनला काय उत्तर द्यायचं असतं?" तिने विचारलं.

"तीनला उत्तर नसतं."

"मग?"

मी सांगितलं नाही. पण तिला माहीत होतं. लग्नानंतर डबा घेऊन ती कारखान्यात यायची तेव्हा मीच तिला सगळं हौसेने समजावलं होतं. तीच म्हणाली, "बाहेर यायचं, ना? आत असेल त्याने." आणि मग, अगदी हळू, "इतके दिवस उत्तर मी दिलं. त्यांना वाटत असेल, आत मीच आहे."

पत्र्याबाहेरून आतला दिसत नाही. जो उत्तर देतो तोच आत आहे, असं बाहेरचा धरून चालतो. दादाची त्यात काही चूक नाही.

आत्ता मी हे लिहितो आहे तेव्हा ती पलीकडच्या खोलीत सूनबाईला कुठल्याशा शिलाईवरून बोल लावते आहे. मला इथे बसून शब्दन्‌शब्द ऐकू येतो. मॅडम म्हणतात, काका, तुमच्या वयात इतकं छान कोणाचं झालेलं मी पाहिलं नाही. मी हो म्हणतो. जेवणं झाली की मी जाऊन खाटेवर बसतो आणि तिचा हात मांडीखाली दाबून ठेवतो. ती "पडले" म्हणेपर्यंत आता मी थांबत नाही. दोन पडायच्या आधीच मी दांड्यावर एक ठोका देतो, जोराने, कारखान्यात द्यायचो तसा. आत मी आहे, हे त्याला आधीच कळलेलं बरं.